कूस

केमीच्या ग्रंथालयातली तळघराची खोली.
अकरा खुर्च्या गोल मांडलेल्या, बारावी माझी.
मी हेलसिंकीहून रात्रीच्या गाडीनं आलेले,
पिशवीत पिवळ्या लोकरीचा गुंडा.
कागदगिरणी बंद होऊन तीन आठवडे झालेले.

"आधी एक आइसब्रेकर घेऊ," मी म्हणाले.
"नाव सांगा, आणि आपण प्राणी असतो तर कोणता.
मग गुंडा दुसऱ्याकडे टाका, टोक मात्र सोडू नका."

यॅनमुर्ताया.
आमच्याकडे या खेळालाही तोच शब्द
आणि बंदरात धुरकटलेल्या त्या काळ्या धुडालाही.
ही गमतीची गोष्ट म्हणून सांगायची, असं माझ्या वहीत होतं.
मी सांगितली.
कॉफीच्या यंत्राचं गुरगुरणं तेवढं ऐकू आलं.

आउने म्हणाली, मांजर.
तिच्या शेजारचा म्हणाला, मांजरच.
तिसऱ्यानं नुसती मान हलवली, म्हणजे तेही मांजर.
गुंडा घरंगळत गेला
वेन्नी हिएतालाच्या बुटांपाशी.

त्यानं तो उचलला, वजन करावं तसा तळहातावर धरला.
"गिरणीत येण्याआधी एकोणीस हिवाळे
मी त्या जहाजावर होतो. खाली, पंपांवर.
लोकांना वाटतं, जहाज बर्फ कापतं.
कापत नाही, पोरी.
नाक चमच्यासारखं असतं त्याचं.
ते बर्फावर चढतं,
आणि चढून थांबतं.
बाकी काम वजनाचं."

कुणीतरी खुर्ची पुढे ओढली.

"आणि अडकलं तर?"
"अडकतं की. फेब्रुवारीत तर रोज.
तेव्हा धडका देणारा कप्तान नवा असतो.
जुना खाली निरोप पाठवायचा, वेन्नी, कूस बदल.
मग मी जहाजाच्या पोटातलं पाणी
डाव्या टाकीतून उजव्या टाकीत सोडायचो,
उजवीतून परत डावीत.
झोप न येणाऱ्या माणसासारखं
ते सबंध धूड
या कुशीवरून त्या कुशीवर.
शेवटी बर्फच कंटाळायचा."

आउने पहिल्यांदा हसली. दात झाकून.
"आणि मागे? वाट राहते ना?"
"कुठली! दुधावर धरावी तशी साय धरते.
तास-दीड तास.
जो अगदी पाठीला लागून येतो, वाट त्याची.
मागे राहिला त्याची कोंडी.
मग आम्ही परत फिरायचो त्याच्यासाठी,
आम्हीच फोडलेलं पुन्हा फोडत."

प्राणी सांगायचा तो विसरलाच.
गुंडा त्यानं माझ्याकडे टाकला.

मी दर गावात पाणमांजर म्हणते.
दोन वर्षं झाली म्हणतेय, लोकांना आवडतं.
ओठांवर आलंही होतं.
पण नाक वर चढलेलं होतं आणि खाली काहीतरी जड होतं.

म्हणाले, "आमच्या गावात प्लायवुडचा कारखाना होता.
त्याचा भोंगा वाजला की बाबा उठायचे.
कारखाना गेला, भोंगाही गेला,
तरी बाबा त्या वेळेला उठून उभे राहायचे,
हातात काटा, काट्याला बटाटा.
मी नऊ वर्षांची होते.
एकदा मी हसले."

पुढे काही नव्हतं. एवढंच होतं.
लोकर माझ्या बोटांना गुंडाळलेली,
तिची दुसरी टोकं कुणाकुणाच्या गुडघ्यांवर.

बऱ्याच वेळानं आउने म्हणाली,
"आमचा पावणेतीनला व्हायचा."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.
दोन वाजून एक्केचाळीस.

माझ्या वहीत पुढचा खेळ होता,
त्यानंतर अर्ज कसा लिहावा ते, त्यानंतर बिस्किटं.
मी वही मिटून मांडीखाली ठेवली.
वरच्या मजल्यावर कुणी मूल पळत होतं.
वेन्नी अंगठ्याचं नख बघत होता.

पावणेतीन.

कुणी उठलं नाही.
खुर्च्या तेवढ्या करकरल्या,
आधी एक,
मग लांबवर तडा जावा तशा
अकराच्या अकरा.